उपरण्यांची ट्रंक

तात्यांना पक्ष विचारू नये, साहेब विचारावेत. साहेब पहिल्यापासून एकच. पक्ष आतापर्यंत चार झाले आणि चारही पक्षांची उपरणी तात्यांच्या ट्रंकेत इस्त्री करून ठेवलेली आहेत. जुनी टाकत का नाही, तर म्हणे, "साहेब परत गेले म्हणजे?"

काल ज्यांच्या नावाने खडे फोडले त्यांच्याच मांडवात आज सतरंज्या कशा घालता, असं कुणी डिवचलं की उत्तर ठरलेलं. "साहेबांनी विचार करूनच केलं असेल."

२३ नोव्हेंबर २०१९ ला महाराष्ट्र दात घासत असताना राजभवनात शपथविधी उरकला. तेव्हापासून तात्या पहाटेच टीव्ही लावून बसतात. आपण झोपेत असताना पक्ष बदलला आणि चौकात कालच्या उपरण्यात गेलो, तर? १९८५ चा पक्षांतरबंदी कायदा बिचाऱ्या आमदारांना. २००३ मध्ये एक तृतीयांशांनी फुटायची सवलतही गेली. तात्या मात्र दर वेळी शंभर टक्के फुटतात, आणि त्यांना अपात्र ठरवणार कोण?

शेजारच्या सांगोल्यात गणपतराव देशमुख एकट्या शेकापकडून अकरा वेळा निवडून आले, हे मी त्यांना मुद्दाम ऐकवलं. तात्या हळहळले. "दुसऱ्या कुणी तिकीटच दिलं नसेल हो."

अशा माणसाशी बोलणं सोडावं, असं मनात येतं. पण तात्यांची आई अत्यवस्थ होती तेव्हा दवाखान्यात खाट मिळत नव्हती. रात्री अडीचला तात्यांनी साहेबांना फोन लावला, साहेबांनी तो स्वतः उचलला आणि खाट मिळाली. जाहीरनाम्याला रात्री अडीचला फोन लागत नाही. आता, खाटेसाठी आमदाराचा फोन लागावाच का, हा प्रश्न माझ्या अगदी ओठांवर आला होता. पण म्हातारी त्यानंतर नातसून बघून गेली. काय विचारणार?

परवा प्रचारफेरीत साहेब आमच्या गल्लीत आले. गाडीतून उतरून थेट तात्यांकडे. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "काय नाना, बरंय ना?"

तात्यांचे डोळे भरून आले. फेरी पुढे गेल्यावर मी हळूच म्हटलं, "तात्या, तुम्हाला नाना म्हणाले ते."

उपरणं नीट करत तात्या म्हणाले, "विचार करूनच म्हणाले असतील."