चारपैकी किती?

मराठी घरात मार्कांचा विषय दहावीला सुरू होतो, बारावीला कळसाला पोहोचतो आणि पहिली नोकरी लागली की कायमचा मिटतो, अशी माझी समजूत होती. मी अकाउंटंट. माझे बी.कॉम.चे मार्क आज मला आठवत नाहीत आणि ज्यांना आठवत होते ते आता हयात नाहीत. पण न्यू जर्सीत वाढलेल्या, आयसीयूत नर्स म्हणून चांगल्या मुरलेल्या माझ्या भाचीनं ‘मला भुलीच्या शाळेत जायचंय’ असं जाहीर केलं आणि गुणपत्रिका नावाचं भूत आमच्या घरात पुन्हा शिरलं.

आपल्याकडे भूल द्यायची ती एम.डी. झालेल्या डॉक्टरनं. अमेरिकेत हे काम डॉक्टर करतात तसं त्यासाठी खास शिकलेल्या नर्सही करतात. त्यांना सीआरएनए म्हणतात. हे काही कालपरवाचं खूळ नाही. मिनेसोटातल्या रॉचेस्टरमध्ये मेयो बंधूंच्या शस्त्रक्रियांना भूल देणाऱ्या अ‍ॅलिस मगाव या नर्सबाईंनी १९०६ साली चौदा हजारांहून अधिक रुग्णांचा लेखाजोखा छापला, आणि त्यात भुलीमुळे दगावलेला एकही नव्हता. हे सगळं मी ताईला सांगितलं. ताईला, म्हणजे भाचीच्या आईला, लेक डॉक्टर झाली नाही याची जुनी रुखरुख. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “सगळं खरं रे, पण शेवटी नर्सच ना?”

मग तिला कळलं, की २०२२ पासून या अभ्यासक्रमात शिरणाऱ्या प्रत्येकाला डॉक्टरेटच करावी लागते. “म्हणजे नावाआधी डॉ. लागणार?” तिनं विचारलं. तांत्रिकदृष्ट्या लागेल, असं भाची म्हणाली. त्यातलं ‘तांत्रिकदृष्ट्या’ ताईनं ऐकलंच नाही. त्या संध्याकाळी साताऱ्याला नातेवाइकांना फोन गेला.

प्रवेशाच्या अटींत पहिली ओळ असते, ‘किमान जीपीए (म्हणजे ग्रेडची सरासरी) ३.०’. ही ओळ वधूवर सूचक मंडळातल्या ‘मुलगी फक्त सुस्वभावी हवी’ या ओळीसारखी वाचायची असते. प्रत्यक्षात साडेतीनच्या आसपासची मंडळी रांगेत पुढे उभी असतात. भाचीचा एकूण जीपीए ३.१. हा आकडा व्हिडिओ कॉलवर आजीच्या कानावर गेला.

“किती म्हणालीस?”

“थ्री पॉइंट वन, आजी.”

“कितीपैकी?”

“चारपैकी.”

आजी निवृत्त शिक्षिका. क्षणभरही न थांबता म्हणाली, “म्हणजे साडेसत्त्याहत्तर टक्के. अगं, डिस्टिंक्शन आहे की! रडतेस कशाला?” भाचीनं माझ्याकडे पाहिलं. तिला हा हिशोब खोडून काढायचा होता, पण गणित बरोबर होतं.

खरी अडचण पहिल्या वर्षाच्या केमिस्ट्रीत होती. त्या सत्रात ऐन गणेशोत्सवात ही बया ढोलपथकात होती. मिरवणूक दणक्यात झाली आणि केमिस्ट्रीत सी प्लस मिळाला. सी प्लस म्हणजे चारपैकी २.३. एकोणिसाव्या वर्षी वाजवलेल्या ढोलाचा आवाज तिशीजवळ आलेल्या बाईच्या अर्जात असा घुमत होता. तो विषय पुन्हा द्यावा तर काही शाळा नवा ग्रेड धरतात आणि काही जुन्या-नव्याची सरासरी काढतात. म्हणजे ढोल पूर्ण शांत होईलच याची खात्री नाही.

इथे मामा कामाला आला. मी एक्सेल उघडलं. १२० क्रेडिट, सरासरी ३.१, म्हणजे गाठीला ३७२ गुण. आता रात्रपाळ्या सांभाळून तीन-तीन क्रेडिटचे चार जड विषय घ्यायचे, पॅथोफिजिऑलॉजी, फार्माकॉलॉजी वगैरे, आणि चारही विषयांत ‘ए’ आणायचा. मिळाले ४८ गुण. बेरीज ४२०, भागिले १३२. उत्तर ३.१८. एवढी झोप मोडून एक दशांशसुद्धा वर सरकत नाही! भाची खुर्चीत खचली. पण अकाउंटंट माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. आकडा हलत नसेल तर रकाना बदलून पाहावा. बऱ्याच शाळा विज्ञानाच्या विषयांचा जीपीए वेगळा काढतात. तिथे तिचे २४ क्रेडिट होते, सरासरी ३.०. त्यात हेच चार ‘ए’ घातले तर १२० भागिले ३६, म्हणजे ३.३३. काही शाळा शेवटच्या ६० क्रेडिटचा वेगळा हिशोब धरतात, तिथेही आकडा वर चढतो. तीच मुलगी, तेच विषय, पण तिसऱ्या रकान्यात एकदम होतकरू. त्या रात्री मला घरात जो मान मिळाला, तो मी लोकांचे टॅक्स रिफंड काढून आयुष्यात मिळवलेला नाही.

ग्रेडखेरीज आणखी पसारा असतो. अतिदक्षता विभागातला किमान एक वर्षाचा पूर्णवेळ अनुभव सक्तीचा. प्रत्यक्षात बहुतेक उमेदवार जास्तच घेऊन येतात, आणि तोही अशा ठिकाणचा, जिथे व्हेंटिलेटर आणि रक्तदाब सांभाळणारी औषधं रोजची असतात. शिवाय सीसीआरएन नावाची परीक्षा. त्या परीक्षेला बसायचा नेहमीचा रस्ता म्हणजे गेल्या दोन वर्षांत अत्यवस्थ रुग्णांच्या उशापायथ्याशी काढलेले १,७५० तास. भाचीची ही बाजू भक्कम होती. सकाळी साडेसातला पाळी संपवून ती घरी यायची, पोहे खायची आणि पुस्तक उघडून तिथेच मान टाकायची.

मग एका सीआरएनएच्या मागे दिवसभर उभं राहून काम पाहायचं. यालाही अर्जात वजन असतं. तिथून आल्यावर भाची जे सांगत होती त्यात यंत्रं कमी आणि हात जास्त होते. बाईंनी आधी यंत्र तपासलं, सक्शन चालू करून पाहिलं, मग रुग्णाला तोंड उघडायला लावून घशात नजर टाकली. शिरेतून पांढरं दुधासारखं प्रोपोफॉल जाताना त्या त्याला नातवंडांबद्दल विचारत होत्या. तिसऱ्या नातवाच्या नावापर्यंत आजोबा पोहोचलेच नाहीत. त्याच क्षणी बाईंची बोटं जबड्याखाली गेली, मास्क बसला आणि पडद्यावर कार्बन डायऑक्साइडची चौकोनी लाट उमटली. “मामा, ती लाट दिसेपर्यंत त्या एक शब्द बोलल्या नाहीत,” भाची म्हणाली. तिलाही तेवढा वेळ श्वास घ्यायचं सुचलं नव्हतं.

शिफारसपत्रांवरून आमच्याकडे सांस्कृतिक संघर्ष झाला. ताईच्या मते पत्र महाराष्ट्र मंडळाच्या अध्यक्षांचं हवं, माणूस वजनदार आहे. भावजींना कोणा सर्जनचा मेहुणा ओळखीचा निघाला. भाचीला मात्र तिचं काम रोज पाहणारी युनिटची मॅनेजर आणि ती सीआरएनए बाईच हवी होती. वर ते पत्र उमेदवारानं वाचायचं नसतं. “न वाचता जाऊ द्यायचं?” ताई हादरली. “आणि तिनं खरंच लिहिलं तर?”

निबंधाचं निराळंच दुखणं. ‘मला लोकांची सेवा करायला आवडतं’ हे वाक्य सगळेच लिहितात, म्हणून आम्ही ते पहिलं उडवलं. उरला कोरा कागद. जन्म अमेरिकेतला असला तरी आपण होऊन स्वतःची टिमकी वाजवायची नाही, हे वळण मराठी. शेवटी तिनं एका रात्रीची गोष्ट लिहिली. रुग्ण व्हेंटिलेटरशी झगडत होता, गुंगीचं औषध वाढवायची चर्चा चालली होती, आणि हिनं आधी नळीवरून हात फिरवला. नळी खाटेच्या कठड्यात दबली होती. एवढंच. भावजी म्हणाले, “यात तुझा पराक्रम काय?” मला वाटतं, तोच होता.

मुलाखतीच्या सरावाला परीक्षक मी. माझ्या हातात प्रश्नोत्तरांचा कागद. “रक्तदाब घसरतोय. काय करशील?” ती म्हणाली, आधी माणसाकडे बघेन, मग मॉनिटरकडे. रक्त कमी पडतंय, हृदय थकलंय की रक्तवाहिन्या सैलावल्यात, ते ठरवेन. सैलावल्या असतील तर नॉरएपिनेफ्रिन, कारण ते मुख्यतः अल्फा रिसेप्टरवर काम करून त्यांना आवळतं. मी गंभीर चेहऱ्यानं “बरोबर” म्हणालो. त्याहून जास्त मला काही म्हणता येण्यासारखं नव्हतं. पुढचा प्रश्न : “मतभेद झाल्याचा एखादा प्रसंग सांग.” स्वयंपाकघरातून आवाज आला, “आईशी झालेले चालतात का?” त्यापुढचा : “तुझा एखादा दोष सांग.” या प्रश्नाला उमेदवार सोडून आमच्या घरात सगळ्यांची तयारी उत्तम होती.

प्रवेश मिळाला. साताऱ्याला पेढे वाटले गेले. मग शाळेचं पत्र नीट वाचलं तेव्हा भावजी गप्प झाले. किमान तीन वर्षं पूर्णवेळ, नोकरी जवळपास अशक्य, खर्च लाखभर डॉलरच्या पुढे. त्यात निदान २,००० तास प्रत्यक्ष काम, शेकडो रुग्णांना भूल आणि शेवटी राष्ट्रीय परीक्षा. “आणि बी च्या खाली ग्रेड गेला की गंडांतर,” भाचीनं माहिती दिली. ताई उसळली. “अरे, ही शाळा आहे की सावकार? एवढं डोक्यावर बसायचं कशासाठी?”

मीही इतके दिवस याच मताचा होतो. पण नातवंडांची नावं अर्धवट सोडून झोपी गेलेले ते आजोबा माझ्या डोक्यातून जात नव्हते. टेबलावर आडवा होणारा माणूस भूल देणाऱ्याचा जीपीए विचारत नाही. तो एकच विचारतो, “मी परत उठेन ना?” आणि तिथे ३.९ हे उत्तर चालत नाही. चारपैकी चारच लागतात.