दहा बाय बाराच्या खोलीत शंभर वॅट
(चिंचपोकळीच्या चाळीतील नवशिक्यांसाठी अॅम्प्लिफायर जोडणी व दुरुस्ती)

साहित्य : अॅम्प्लिफायरचं जुन्या पद्धतीचं किट, ट्रान्सफॉर्मर, २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न, मल्टिमीटर, तारेचा पिवळा १०० वॅटचा बल्ब आणि शेजारी नसलेली खोली. शेवटची वस्तू चिंचपोकळीत मिळत नाही. बाकीसाठी लॅमिंग्टन रोड गाठा.

१. खरेदी. काउंटरवर ठणकावून सांगा, "शंभर वॅटचं द्या." दुकानदार चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता देईल. घरी येऊन हिशेब करू नका. केलाच, तर १२ व्होल्टवरचं साधं सर्किट ४ ओहमच्या स्पीकरला जेमतेम साडेचार वॅट देतं, असं निघेल. उरलेले साडेपंच्याण्णव खोक्यावर छापलेले असतात. ट्रान्सफॉर्मर मात्र हातात तोलून घ्या. खोकं थापा मारतं, वजन मारत नाही.

२. ट्रान्झिस्टर बसवणे. २एन३०५५ हा धातूच्या टोपीचा दणकट गडी कागदोपत्री १५ अँपिअर आणि ६० व्होल्ट सोसतो. नकली मालाने हा कागद वाचलेला नसतो. त्याची टोपी म्हणजेच कलेक्टर. म्हणून टोपी आणि हीटसिंक यांच्यामध्ये मायकाचा पातळ तुकडा, त्याच्या दोन्ही बाजूंना पांढरी पेस्ट आणि स्क्रूला प्लास्टिकचे बुश. नवशिका मायकाला पॅकिंग समजून केरात टाकतो. तसं केल्यास पुढची पायरी विशेष प्रेक्षणीय होते.

३. सिरीज बल्ब. पहिल्यांदा चालू करताना मेन्सच्या एका तारेत तो पिवळा बल्ब सिरीजमध्ये घ्या. एलईडी चालणार नाही. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर कंडेन्सर भरले, सगळं ठीक. फकफकीत पेटून तसाच राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे. केरातली मायका शोधा. बल्ब न लावताही चालू करता येतं, पण मग निकाल वासावरून कळतो. बंद केल्यावरही कंडेन्सर भरलेलेच असतात. ते रिकामे होईपर्यंत आत बोट घालू नका.

४. स्पीकर जोडण्याआधी. प्लस-मायनस सप्लायचं सर्किट असेल तर आउटपुटवर डीसी मोजा. पन्नासएक मिलिव्होल्टपर्यंत चालतं. चार-पाच व्होल्ट दिसले तर स्पीकर दूर ठेवा, नाहीतर त्याची कॉइल जळेल.

५. घुंऽऽ असा आवाज. व्हॉल्यूम शून्यावर न्या. आवाज गेला तर दोष व्हॉल्यूमच्या आधी, बहुधा इनपुटच्या वायरीत. राहिला तर सप्लायमध्ये: जुन्या सेटचे फिल्टर कंडेन्सर सुकलेले असतात. नवीन सेट असेल तर अर्थच्या सगळ्या तारा एकाच बिंदूवर आणा. मध्येच बंद पडून टपली मारल्यावर वाजणारा सेट ड्राय सोल्डरचा. टपली हा इलाज नव्हे, निदान आहे.

६. चाचणी. १९२० पासूनच्या चिंतामणी गणपतीच्या गावात आवाजाचं प्रात्यक्षिक वेगळं द्यावं लागत नाही, तरी माहिती असू द्या. साधा स्पीकर एका वॅटला मीटरभर अंतरावर ८५ ते ९० डेसिबल देतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५, रात्री ४५ आणि रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद. म्हणजे दहा बाय बाराच्या खोलीत एक वॅट वाजला, तरी जिन्याखालच्या आजोबांना गाणं पाठ होईल. शंभरची गरज कानाला नसून मित्रांना सांगायला आहे. ती भागवायला खोकं पुरेसं आहे. ते कपाटावर दिसेल असं ठेवा.

७. विक्रीपश्चात सेवा. सेट वाजला की मजल्यावर बातमी पसरते. दुसऱ्या दिवशी दारात मिक्सर, तिसऱ्या दिवशी इस्त्री, नंतर एखाद्या काकांचा १९८० च्या आसपासचा टेपरेकॉर्डर. पैसे मागू नका, "आपलाच मुलगा आहे" हे वाक्य ऐकावं लागेल. चहा घ्या, मागचं झाकण काढण्याआधी विचारा, "आधी कोणी उघडला होता का?" उत्तर ठरलेलं असतं: "छे, कोणी हातसुद्धा लावलेला नाही." मान डोलवा आणि किती स्क्रू कमी आहेत ते मोजा.