ते तर असतंच!

मी बिझनेस अ‍ॅनालिस्ट आहे. म्हणजे नेमकं काय करतो, हे घरी समजावण्याचा नाद मी कधीच सोडला. आई शेजारी सांगते, "लोकांना काय हवंय ते विचारतो आणि लिहून घेतो." त्यावर शेजारच्या काकू एकदा काळजीने म्हणाल्या, "इंजिनिअर होऊन वेटर?" उपमा तशी बरोबर आहे. फक्त वेटरला कुणी "नेहमीचंच आण, पण आधुनिक" असं सांगत नाही.

गिऱ्हाईकाला आपल्याला काय हवंय तेच कळत नाही, ही आमच्या धंद्यातली लाडकी तक्रार. मला ती पटत नाही. त्याला ते इतकं पक्कं माहीत असतं की सांगायची गरजच वाटत नाही.

पुण्याच्या मार्केट यार्डातल्या एका कांदा-बटाट्याच्या आडत्याला हिशोबपट्टीचं सॉफ्टवेअर हवं होतं. शेठ म्हणाले, "एकदम सोपं आहे साहेब. माल येतो, विकतो, पट्टी निघते." मी विचारलं, भाव किलोचा? "दहा किलोचा. ते तर असतंच!" आडत शेतकऱ्याच्या पट्टीतून वजा करायची? शेठनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "ती खरेदीदाराकडून. २०१६ साली सरकारनं नियम बदलला नाही का?" आणि हमाली? "ती पट्टीतच. ते तर असतंच!"

यात यार्डाला नावं ठेवण्यात अर्थ नाही. फ्रान्सच्या रेल्वेने नव्या गाड्या मागवल्या, त्या काही फलाटांना रुंद पडत असल्याचं २०१४ साली जाहीर झालं. मापं पाठवणाऱ्यांनी तीसेक वर्षांच्या आत बांधलेल्या फलाटांची मापं दिली होती. त्याहून जुने फलाटही देशात बक्कळ आहेत, हे सांगायचं राहिलं. मग सुमारे १३०० फलाटांच्या कडा तासायचं काम निघालं, खर्च पाच कोटी युरो. सॉफ्टवेअर बांधण्यात सगळ्यात अवघड काय, तर नेमकं काय बांधायचं हे ठरवणं, असं संगणकतज्ज्ञ फ्रेड ब्रूक्स १९८६ सालीच सांगून गेले. तेही आमच्या शेठच्या दिवाणजींना न भेटता.

दिवाणजी गाळ्यावर बसतात, कानावर पेन्सिल. शेठच्या केबिनमध्ये चहा मिळतो, माहिती मिळते ती गाळ्यावर, म्हणून मी त्यांच्या शेजारी स्टूल ओढून बसलो. एका शेतकऱ्याच्या नावावर उचल दिसत होती, पण पट्टीतून त्यांनी ती कापली नाही.

"ही राहिली का?"

"मुलीचं लग्न आहे त्यांच्या."

"मग कधी कापायची?"

"लग्न झाल्यावर."

"तारीख?"

"पत्रिका येईल की!"

मी हे इमानेइतबारे लिहून नेलं. आमच्या प्रोग्रामरने गंभीरपणे विचारलं, "लग्न हे फील्ड कंपलसरी ठेवू का ऑप्शनल?" बिचारा अविवाहित आहे; त्याच्या घरी ते कंपलसरीच आहे.

अखेर जाडजूड दस्तऐवज तयार झाला. शेठनी तो हातात तोलून पाहिला, वजनावर समाधानी होऊन सही केली. वाचला कुणीच नाही, ते तर असतंच.

डेमोच्या दिवशी दिवाणजींनी आमचे रंगीत तक्ते, आलेख, लाल-हिरवे दिवे शांतपणे पाहिले आणि स्क्रीनच्या तळाशी सवयीने टाकलेल्या 'शेरा' नावाच्या चौकोनावर बोट ठेवलं. मग एका बोटाने टाइप करू लागले : 'उचल कापू नये. लग्न. चुलतभावाच्या गोण्या यातच. रोख धाकट्याच्या हाती देऊ न' — आणि अक्षरं संपली.

"एवढीच जागा?" ते म्हणाले. "बाकी काम झकास आहे साहेब. फक्त हा चौकोन मोठा करा. जागा कमी पडली तर वरचं सगळं काढा."