हवेतला डांगे चौक

थेरगावात डांगे चौकाच्या कोंडीला महापालिका जबाबदार आणि घरातल्या रेंगाळत्या वायफायला कंपनी. आपण दोन्हीकडे निर्दोष. पण वायफायच्या 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे सोयीचे चॅनल तीनच: 1, 6 आणि 11. भिंतीला भिंत लागलेल्या इमारतींतले सगळे राउटर त्यांतच दाटीवाटीने बसतात. त्यात कुणी वेगाच्या हौसेने चॅनलची रुंदी 20 ऐवजी 40 मेगाहर्ट्झ केली, की जवळपास निम्मा पट्टा एकटाच अडवतो. पार्किंगमध्ये असं केलं असतं तर सोसायटीची सभा बसली असती.

राउटर चॅनल आपोआप निवडतो की, असं कुणी म्हणेल. निवडतो, पण अनेक राउटर ती तसदी सुरू होताना एकदाच घेतात. मग 5 गिगाहर्ट्झ? 2018 मध्ये सरकारने तिथे भरपूर जागा विनापरवाना खुली केली. मात्र तिथल्या लहरी भिंतींपुढे लवकर दमतात, आणि आपला राउटर शोभेला बाधा नको म्हणून चपलांच्या कपाटात! तेव्हा आधी त्याला बाहेर काढा, रुंदी 20 वर आणा, आणि सेटिंगमध्ये शिरलाच आहात तर ‘अ‍ॅडमिन’ हा मूळ पासवर्डही बदला. तक्रारीचा फोन त्यानंतर लावा.