आपला कृपाभिलाषी

पन्नाशी ओलांडलेल्या कुठल्याही वाचनालयात वाळवी आणि मानद कार्यवाह हे दोघे कायमचे वस्तीला असतात. वाळवी पुस्तकांवर जगते, कार्यवाह देणगीच्या पत्रांवर. सरकारी अनुदान पगारात आणि विजेच्या बिलात विरघळतं. उरलेला संसार या पत्रांनी चालवायचा असतो.

या गृहस्थांना तोंडाने मागायला सांगा, जमायचं नाही. वाण्याकडे राहिलेले दहा रुपयेसुद्धा ते मागत नाहीत. "असू द्या, असू द्या" म्हणत घरी येतात आणि बायकोची बोलणी खातात. पण समोर संस्थेचा छापील कागद आला की भीड गेलीच. ज्याला रस्त्यात नमस्कार करायचाही धीर होत नाही, त्याच्याकडे १,००,००१ रुपये मागून मोकळे होतात.

मायन्यावरून आकडा ओळखावा. 'स. न. वि. वि.' असेल तर ५०१. 'सस्नेह नमस्कार' असेल तर ५,००१. 'दानशूर, विद्याव्यासंगी' अशी सुरुवात दिसली की समजावं, गच्ची गळायला लागली आहे. वरचा एक रुपया मात्र सर्वांना सारखा.

दुसऱ्या परिच्छेदात इतिहास येतो, तोही माणूस बघून. पेन्शनराला अंताजी दामोदर काळ्यांचा पैसा फंड: लोकांकडून एकेक पैसा गोळा केला आणि त्यातून तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला, तेव्हा आपणही फूल ना फुलाची पाकळी द्यावी. बड्या असामीला थेट सर विठ्ठलदास ठाकरसी. कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला त्यांनी १९२० साली १५ लाख रुपये दिले आणि मातोश्री नाथीबाईंचं नाव आजही तिथल्या पदवीच्या कागदावर आहे. त्याखालची ओळ अशी: 'आमच्याकडे विद्यापीठ नाही, परंतु बालविभागास अद्याप कोणाचेही नाव दिलेले नाही.'

अशा पत्रांसाठी पेपरातल्या निधनवार्ता रोज डोळ्यांखालून घालाव्या लागतात. पण माणूस मर्यादेचा. तेराव्याच्या आत पत्र पोचणं त्यांना अधर्म वाटतो. म्हणून चौदाव्या दिवशी पडेल अशा बेताने ते बाराव्याला पेटीत टाकतात.

स्मरणार्थ काय द्यावं, याचा सल्लाही पत्रातच असतो. पंखा ते सुचवत नाहीत, कारण पात्यावरचं नाव फिरायला लागलं की वाचता येत नाही. घड्याळ सुचवतात. परिणामी वाचनालयाच्या भिंतीवर पाच स्वर्गवासी पाच वेगवेगळ्या वेळा दाखवतात आणि त्यातलं एकही उतरवता येत नाही, कारण सगळ्यांचे चिरंजीव हयात आहेत.

तिसरा परिच्छेद ८०जीचा. 'रोख २,००० रुपयांच्या वर दिल्यास करसवलत मिळत नाही, सबब धनादेश द्यावा' हे वाक्य ते फार जीव लावून लिहायचे. पुढे नवी करप्रणाली आली आणि तीत ही वजावटच नाही, असं एका सी.ए. देणगीदाराने कळवलं. त्या दिवशी त्यांना घरचं माणूस गेल्यासारखं झालं; चहासुद्धा अर्धा ठेवला. चार दिवसांनी नवा मजकूर तयार: 'करसवलतीचा मोह आता उरला नसल्याने आपले दान अधिकच निर्मळ ठरेल.' खाली बँकेचा खाते क्रमांक, ठळक अक्षरांत.

व्हॉट्सॲपवर ते मागत नाहीत. त्यावर लोक हात जोडलेलं चित्र पाठवतात आणि ते जमाखर्चात कुठल्या बाजूला धरायचं, हे ऑडिटरला सांगता येत नाही.

परवा शेजारच्या तालुक्यातल्या एका संस्थेचं विनंतीपत्र त्यांनाच आलं. मायन्यापासून सहीपर्यंत सगळं ह्यांचंच. फक्त बालविभागाच्या जागी व्यायामशाळा. मंडळींना वाटलं, आता भडकणार. त्यांनी शांतपणे चष्मा पुसला आणि लाल पेन काढलं. 'विनंती'तली दुसरी वेलांटी ऱ्हस्व पडली होती ती दीर्घ केली. रक्कम आधी आणि मातोश्री नंतर आल्या होत्या, त्यांचा क्रम बाण काढून बदलला. मग ५०१ रुपयांचा चेक टाचला आणि खाली लिहिलं:

'पत्र उत्तम. पावतीसोबत आभारपत्र अवश्य पाठवावे व त्यात पुढील देणगीचे सूतोवाच असावे. नमुना जोडला आहे.'