सोफ्यावरचे जनरल मॅनेजर

डॅलसमध्ये जानेवारी उजाडला की हे गृहस्थ कामाला लागतात. पगार कोणी देत नाही, पण जबाबदारी मोठी. एनबीए या बास्केटबॉल लीगमधल्या खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत फेब्रुवारीत संपते, तोवर मॅव्हरिक्सचा अख्खा संघ त्यांच्या लॅपटॉपवर रोज मोडतो आणि रोज नव्याने उभा राहतो.

काम सोपं नाही. खेळाडू पसंत पडून भागत नाही, पत्रिकेसारखे दोन्हीकडच्या पगारांचेही गुण जुळावे लागतात. शिवाय नवे खेळाडू निवडण्याच्या ड्राफ्टमधल्या, पुढच्या लागोपाठ दोन वर्षांच्या पहिल्या फेरीतल्या निवडी देऊन टाकता येत नाहीत. क्लीव्हलँड संघाचे एके काळचे मालक टेड स्टेपियन यांनी त्या इतक्या उधळल्या की नियमाला त्यांचंच नाव पडलं. गृहस्थांना हे सगळं तोंडपाठ. घराच्या कर्जाचा व्याजदर विचारा, ‘ते बायको बघते.’

तिशीतल्या खेळाडूला ‘आता संपला, विका’ म्हणत ते सोफ्यावरून उठतात, ते गुडघ्यावर हात टेकून.

विकायचा नाही असा एकच, लुका डॉन्चिच. पंचविशीचा पोरगा, २०२४मध्ये संघाला अंतिम फेरीत घेऊन गेलेला. १ फेब्रुवारी २०२५च्या रात्री खऱ्या जनरल मॅनेजरने, निको हॅरिसनने, तोच लेकर्स संघाला देऊन टाकला. बदल्यात एकतिशीचा अँथनी डेव्हिस, मॅक्स ख्रिस्टी आणि २०२९ची पहिल्या फेरीतली एक निवड. कारण काय, तर बचाव भक्कम हवा. मला विचाराल तर हॅरिसनने वेगळं काहीच केलं नव्हतं. गृहस्थ रोज रात्री करतात तेच त्याने केलं, फक्त त्याच्याकडे सहीचा अधिकार होता.

डेव्हिस पहिल्याच सामन्यात २६ गुण करून जखमी झाला. ‘मी सांगितलंच होतं!’ गृहस्थ कडाडले. तोच डेव्हिस आदल्या हिवाळ्यात त्यांच्या लॅपटॉपवर दोनदा डॅलसला येऊन गेला होता, हे मी बोललो नाही. ‘फायर निको’च्या घोषणांत त्यांचाही घसा बसला. नोव्हेंबरमध्ये हॅरिसनची नोकरी गेली, तेव्हा घरी पेढे आले.

त्याआधी मे महिन्यात नशिबाने मात्र हात दिला होता. ड्राफ्टच्या लॉटरीत जेमतेम १.८ टक्के शक्यता असताना पहिली निवड डॅलसला लागली आणि कूपर फ्लॅग आला. १८ वर्षांचा. ‘याला हात लावाल तर खबरदार,’ गृहस्थांनी बजावलं.

परवा त्यांच्या खांद्यावरून डोकावलो. पडद्यावर डावीकडे फ्लॅगचं नाव होतं, उजवीकडची जागा रिकामी.

‘नुसतं बघतोय हो,’ ते म्हणाले.