आजचा विसर्ग, आजचा स्वयंपाक

हवामान खात्याचे मुख्यालय 1928 मध्ये शिमल्याहून पुण्यात आले. फायली आल्या, उपकरणे आली, ‘सिमला ऑफिस’ हे नावही आले. बर्फ तेवढा तिकडेच राहिला. त्यामुळे दाराशी कमरेएवढा बर्फ साचलाय, आजचे सगळे बेत रद्द, असे सांगायची सोय पुणेकराला नाही. ही उणीव मुठा नदी आणि तिची काळजी वाहणाऱ्या यंत्रणा मिळून भरून काढतात. जुलै लागला की पुण्यातले घर कालनिर्णयावर चालत नाही, खडकवासला धरणातून सोडल्या जाणाऱ्या पाण्यावर, म्हणजे विसर्गावर, चालते. आकडा चढला की भिडे पूल पाण्याखाली, नदीपात्रातला रस्ता बंद आणि सगळी वाहने उरलेल्या पुलांवर. मग मुलांचा क्लास बुडतो, मावशींचा ‘आज जमणार नाही’ असा फोन येतो आणि भिजवलेल्या साबुदाण्याचे पाहुणे नदीपलीकडेच अडकतात. दोष अर्थातच पावसाला दिला जातो. माझ्या मते हा पावसावर आळ आहे. पाऊस येणार हे ठरलेले असते. अनिश्चित असते ती घराला वेळेत आणि कळेल अशा भाषेत सांगायची व्यवस्था.

25 जुलै 2024 चे उदाहरण घ्या. शिवाजीनगरला चोवीस तासांत सुमारे 114 मिलिमीटर पाऊस झाला, घाटमाथ्यावर त्याच्या कितीतरी पट. खडकवासल्यातून पहाटे 35 हजार क्युसेकच्या घरात पाणी सोडले गेले. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे 28 लिटर; म्हणजे दर सेकंदाला दहा लाख लिटर नदीत. सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीतली माणसे झोपेतून उठली ती पाण्यातच. पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या, वीज गेली, लिफ्ट थांबल्या, माणसे बाहेर काढायला बोटी आल्या. डेक्कनला नदीकाठी अंडाभुर्जीची गाडी हलवताना विजेच्या धक्क्याने तिघांचा जीव गेला. त्यांचा बेत तर फक्त गाडी वाचवण्याचा होता. वार गुरुवार होता. दुरुस्तीसाठी नळ बंद ठेवायचा पुण्याचा लाडका वार. त्या गुरुवारी पाणी नळाची वाट न पाहता थेट दिवाणखान्यात आले.

यावर पहिला आक्षेप असा की असा पाऊस कधी झालाच नव्हता, मग यंत्रणा तरी काय करणार? पण 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याने टांगेवाले कॉलनी, अरण्येश्वर परिसरात हाहाकार माजवला आणि पुण्यात वीसहून अधिक माणसे दगावली. पाच वर्षांत दोनदा आलेल्या पाहुण्याला अनोळखी म्हणता येत नाही. शिवाय चार धरणांच्या साखळीची एकूण क्षमता सुमारे 29 टीएमसी, त्यात सर्वांत खालच्या खडकवासल्याच्या वाट्याला जेमतेम दोन. ते झटपट भरणार आणि भरले की सोडावे लागणार, हे गणित पावसाच्या आधीपासून ठाऊक आहे. पूररेषाही आखलेल्या आहेत: निळी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. गृहकर्ज वीस वर्षांचे असते. तेव्हा शिस्तीच्या पुराने हप्ते फिटल्यावर पाच वर्षांनी यायला हवे. पण पुराला पुण्याची शिस्त लागलेली नाही, आणि दोन रेषांमधल्या घरात सोफा घ्यायचा की लोखंडी खाट, हे काही त्या नकाशावर लिहिलेले नसते.

दुसरा आक्षेप असा की सूचना दिली जाते, लोक ती वाचत नाहीत. वाचतात हो. सोसायटीच्या ग्रुपवर तीच सूचना सतरा जण पुढे ढकलतात. पण ‘विसर्ग वाढवून 25 हजार क्युसेक करण्यात येत आहे’ हे वाचून गृहिणीने फ्रिज टेबलावर चढवायचा की नुसते दूध तापवून ठेवायचे? आकडा धरणाचा असतो, पायरी घराची असते, आणि या दोहोंमधला हिशेब नागरिकाने रात्री दोन वाजता करायचा असतो. बॉस्टनमधल्या मराठी घराला बर्फाचे वादळ यायच्या आधी सांगितले जाते की अमुक वाजल्यापासून मुख्य रस्त्यांवर गाडी उभी करायची नाही. तिथेही बर्फ पडतोच, बेतही मोडतात. पण मोडणार हे आधी कळते. आपल्याकडे शाळेच्या सुट्टीचा आदेश कधीकधी रिक्षावाल्या काकांनी मुले गोळा केल्यावर येतो.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार: नदीच्या कुशीत घर घेतलेच कशाला? प्रश्न रास्त आहे, फक्त तो पहिल्या पावतीच्या वेळी विचारायला हवा होता. जिथे बांधकामाला परवानगी मिळाली, नळजोड मिळाला आणि मिळकतकराचे बिल एकदाही पत्ता चुकले नाही, तिथे राहणारा माणूस अतिक्रमण करतोय हा शोध पाणी पहिल्या मजल्याला लागल्यावरच कसा लागतो? खिडकीतून नदी दिसते म्हणून जादा पैसे मोजण्याचा मोह ज्यांना झाला त्यांनी थोडा दोष जरूर घ्यावा. पण ओढ्याकाठच्या वस्तीत कोणी देखावा पाहायला गेले नव्हते. परवडणारी जागा तेवढीच होती.

म्हणून मागणी माफक आहे. सूचना घराच्या मापात द्या: ‘निंबजनगरच्या पार्किंगमध्ये पहाटेपर्यंत पाणी येईल, गाड्या रात्री दहाच्या आत हलवा, पंपाचा मेन स्विच बंद करा.’ हे जमत नसेल, तर घर हेच आपत्ती व्यवस्थापनाचे शेवटचे कार्यालय आहे, हे सरळ मान्य करून टाका. राहत्या घराच्या 40 टक्के करसवलतीसाठी पुणेकर पीटी-3 अर्ज भरतोच. त्याच धर्तीवर रात्रपाळी, फ्रिज-उचल आणि चिखलसफाई यांच्या भत्त्याचाही एक अर्ज काढावा. पुरावा म्हणून भिंतीवर उमटलेल्या पाण्याच्या रेषेचा फोटो जोडता येईल. ती निळी की लाल, ते पाटबंधारे खात्याने ठरवावे.